पन्नाशीचा अंक: जुने संपादक आणि जुने निबंध यांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डॉक्टरांच्या एका संघटनेची शोधपत्रिका पन्नास वर्षं पूर्ण करते आहे आणि त्यासाठी तिघांची समिती नेमली आहे. हयात माजी संपादकांना पणजीत बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं, गेलेल्यांचे फोटो लावायचे आणि ‘सर्वांत प्रभावी दहा निबंध’ असा विशेषांक काढायचा, असा बेत आहे. दहा निबंध गूगल स्कॉलरवरच्या सायटेशनच्या, म्हणजे इतर लेखकांनी किती वेळा संदर्भ दिला त्याच्या, आकड्यावरून निवडायचं ठरलंय. हे बरोबर आहे का, आणि वाद होऊन ज्यांना पद सोडावं लागलं त्या एका संपादकांचं नाव यादीत घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. पत्रिकेचे १९९०च्या आधीचे अंक नेटवर नाहीत, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच.

शाल-श्रीफळ जरूर द्या. माणसं ऐंशीच्या घरातली आहेत, चार बरे शब्द कानावर पडले तर त्यांना बरं वाटेल, घरच्यांनाही वाटेल. पण समारंभ संध्याकाळी आठला संपतो. विशेषांक मात्र नोंद म्हणून राहतो, आणि वीस वर्षांनी कुणीतरी त्यावर विसंबून लिहितो. म्हणून आकड्यावरून काढलेली दहांची यादी मी छापणार नाही.

सायटेशनचा आकडा एवढंच सांगतो की पुढच्या कुणीतरी त्या निबंधाचं नाव घेतलं. वाचून घेतलं की न वाचता, पटलं म्हणून घेतलं की खोडण्यासाठी, हे त्यात येत नाही. १० जानेवारी १९८०च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, असं त्यात होतं. रुग्ण रुग्णालयात दाखल असतानाची ही नोंद. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये त्या पत्राची उद्धरणं मोजून छापली गेली: ६०८. त्यांतल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश लेखकांनी ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं. अमेरिकेत त्या गोळ्यांनी पुढे व्यसनाची आणि मृत्यूंची कशी साथ आणली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्या जर्नलने सायटेशनवरून गौरवयादी काढली तर हे पत्र कुठे बसेल, विचार करा. लॅन्सेटचा १९९८चा लस आणि ऑटिझमचा निबंध तर २०१० साली मागे घेतला गेला, तरी त्याचा आकडा भल्याभल्या निबंधांना मागे टाकतो.

याची दुसरी बाजू जास्त बोचते. काही शोध इतके अंगवळणी पडतात की त्यांचा संदर्भ देणंच लोक सोडून देतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे फार पूर्वी दाखवून दिलं. ओ गटाचं वाटणारं रक्त प्रत्यक्षात बॉम्बे या दुर्मिळ गटाचं असू शकतं, हे आज कुठल्याही रक्तपेढीतला तंत्रज्ञ सांगेल. पण १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये ते प्रथम मांडलं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गरोदर बाईला फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देताना ल्यूसी विल्स यांचं नाव कोण घेतं? त्या १९२८ साली मुंबईत आल्या. गरोदर बायकांमधला जीवघेणा पंडुरोग त्यांनी अभ्यासला, त्या कामाचा काही भाग इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. अशा कामाचं सायटेशन थांबतं ते त्याचा उपयोग सगळीकडे पोचला म्हणून.

तिसरा प्रकार उशिरा ओळखल्या गेलेल्यांचा. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली नेचरमध्ये दाखवलं की कॉलऱ्याच्या जंतूंच्या द्रवातून जंतू गाळून काढले तरी उरलेलं विष आतड्यातून पाणी काढतंच. पहिली काही वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९७८ साली नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावलं गेलं. १९८५ साली ते वारले, तोवर आपल्या देशातल्या विज्ञान अकादम्यांनी त्यांना जवळ केलं नव्हतं. १९८६ साली सायटेशन मोजण्याच्या धंद्याचे जनक यूजीन गारफिल्ड यांनी त्यांच्यावर लिहिलं, १९९० साली करंट सायन्सने विशेषांक काढला. पाचव्या वर्षी यादी केली असती तर डे यादीबाहेर, तिसाव्या वर्षी केली तर पहिले.

शिवाय तुमच्यासारख्या छोट्या पत्रिकेला एक जास्तीची अडचण आहे. गूगलला जे दिसत नाही ते तो मोजत नाही. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली इंडियन मेडिकल वर्ल्डमध्ये लिहिलं. जगाने ते ऐकलं १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रुग्णांवरचे अनुभव मांडल्यावर. वकीलांचं काम मोलाचंच. पण मधली अठरा वर्षं तो पहिला निबंध कुठे होता? कपाटात. तुमचे १९९०च्या आधीचे अंक आज जिथे आहेत तिथेच.

गोव्याच्या वाचकाला पटेल असं उदाहरण माकडतापाचं. २०१५ साली सत्तरी तालुक्यात माकडं मेली, माणसं तापाने पडली, काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गोचिडींपासून धोका आहे हे पुढे आलं, आणि सगळे ‘हा काय नवा रोग’ म्हणून धावले. त्या रोगाची पहिली प्राथमिक नोंद १९५७च्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या वर्क आणि ट्रॅपिडो यांनी शिमोग्याच्या जंगलपट्टीतल्या गावकऱ्यांबद्दल आणि माकडांबद्दल लिहिलेला तो दोन पानांचा सारांश. दोन पानं! आजच्या किती संपादकांनी ती घेतली असती? ‘नमुना लहान, निष्कर्ष अपुरे’ म्हणून परत पाठवली असती. ज्यांनी ती ताबडतोब छापली त्यांचा मान ठेवायचा असेल तर ही गोष्ट सांगावी लागते. त्यांच्या फोटोखाली जन्म-मृत्यूच्या तारखा टाकून ती सांगून होत नाही.

तर निवड कशी करायची? प्रत्येक निबंधाला एकच प्रश्न विचारा: हा छापून आल्यावर कुणी काही वेगळं केलं का? ओपीडीत, प्रयोगशाळेत, आरोग्य खात्याच्या परिपत्रकात, परीक्षेच्या प्रश्नात, कुठेही. उत्तर शोधायला माणसं लागतात. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) प्रत्येक विभागात निवृत्तीला आलेला एक तरी जण असतो, ज्याला आठवतं की अमुक निबंध आल्यावर वॉर्डातली पद्धत बदलली. म्हापसा-मडगावच्या जुन्या जनरल प्रॅक्टिशनरांना विचारा. जिल्हा इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना विचारा, ते डॉक्टरांपेक्षा नेमकं सांगतात. प्रत्येक दाव्याला एखादा कागद जोडा: परिपत्रक, उपचारपद्धतीचा तक्ता, पाठ्यपुस्तकाची आवृत्ती. नुसती आठवण ही आठवण म्हणूनच छापा. आणि ‘हे औषध चाललं नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणारा एखादा निबंध सापडला तर तो यादीत घ्याच. त्याला सायटेशन नसतं, पण त्याने किती रुग्णांना नको ती औषधं टाळली असतील याला मोजमाप नाही.

आकडा दहाच का, हेही मला कळलेलं नाही. सहा निघाले तर सहा छापा. वाचकांचा कौल घेण्याचा मोह टाळा. बीएमजेने (ब्रिटिश मेडिकल जर्नलने) २००७ साली १८४० नंतरचा वैद्यकातला सर्वांत मोठा टप्पा कोणता असा कौल घेतला. अकरा हजारांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि जिंकली सांडपाण्याची व्यवस्था. कौल उत्तम, मलाही तोच पटतो, पण त्यातून कुठल्या निबंधाचा किंवा संपादकाचा गौरव झाला नाही.

दोन नियम मात्र आधीच लिहून काढा. सध्याच्या संपादकांचे आणि समितीतल्या तिघांचे निबंध विचारात घ्यायचे नाहीत. शेवटच्या दहा वर्षांतलं काहीही घ्यायचं नाही. नंतर करू म्हणाल तर पहिल्याच बैठकीत कुणाचा तरी निबंध टेबलावर येईल आणि मग भिडेपोटी कुणी बोलणार नाही.

मोठ्या जर्नलमध्ये गेलेल्या गोव्याच्या कामाचं काय, असं समितीतल्या एकांनी म्हटल्याचं तुम्ही लिहिता. मानसिक आजारांवर साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून उपचार होऊ शकतात, हे गोव्यातल्या बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि बारा खासगी डॉक्टरांकडे तपासून विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लॅन्सेटमध्ये छापलं. निवडीची कसोटी कशी लावावी याचा तो उत्तम नमुना आहे. पण तो तुमच्या पत्रिकेचा निबंध नाही. उसना घेऊन आपल्या यादीत बसवू नका.

संपादक म्हणजे कोण, याचा विचार करायला गोव्याइतकी चांगली जागा नाही. पणजीच्या चर्चजवळच्या बागेला सोळाव्या शतकातले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचं नाव आहे. शेकडो लोक रोज तिथून जातात. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्यांच्या पुस्तकात इथल्या औषधी वनस्पतींवर संवाद आहेत, कॉलऱ्याचं वर्णन आहे. पण युरोपने ते वाचलं ते बहुतेक लॅटिनमध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लूसियस यांनी पोर्तुगीज संवाद काढून टाकले, मजकूर आवळला, टिपा जोडल्या आणि १५६७ साली अँटवर्पला छापला. ओर्ता १५६८ साली वारले. १५८० साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांची हाडं उकरून जाळली. हाडं जाळून पुस्तक संपलं नाही, कारण कुणीतरी ते आधीच संपादून बाहेर काढलं होतं. तुमच्या माजी संपादकांबद्दल लिहिताना हाच प्रश्न ठेवा: लेखकाच्या हातून जे आलं आणि जे छापलं गेलं, त्यामध्ये त्यांनी काय केलं?

जाता जाता, १९६१च्या आधीच्या पोर्तुगीजकालीन वारशाचा विषय एका प्रस्तावनेत गुंडाळू नका. एस्कोला मेडिका ही इथली वैद्यकीय शाळा १८४२ची, तिची स्वतःची पोर्तुगीज शोधपत्रिका होती, फ्रोइलानो द मेलो यांच्यासारखे जंतुशास्त्रज्ञ तिचे संचालक होते. तुमची पत्रिका त्या परंपरेतून आली असं म्हणायचं असेल तर पोर्तुगीज वाचणारा माणूस समितीत घ्या आणि पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसवा. नसेल म्हणायचं तर तो विषय सोडा. १८३२पासूनचं ग्रंथालय हाताशी असताना ऐकीव माहितीवर परिच्छेद लिहायचं काहीच कारण नाही.

आता संपादकांची यादी. ही सोपी वाटते आणि हीच सर्वांत जास्त चुकते. संपादक मंडळाची नावं बहुतेक वेळा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलेली असतात, आणि ग्रंथालयं वर्षाचे अंक बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं फाडून टाकतात. म्हणजे बांधीव खंडात निबंध आहेत, संपादक गायब. सुटे अंक शोधा. जुन्या वर्गणीदारांच्या घरी, माळ्यावर, छापखान्यात. पत्रिकेची वृत्तपत्र म्हणून नोंदणी असेल तर फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन, म्हणजे फॉर्म ४, छापलेलं असेल. त्यात संपादक, मुद्रक, प्रकाशक सगळ्यांची नावं असतात. ती तुमची सर्वांत भक्कम साखळी. पण सावध. फॉर्म ४मध्ये कधी संघटनेच्या अध्यक्षाचं नाव संपादक म्हणून असतं आणि काम दुसराच कुणीतरी करत असतो. ते कार्यकारिणीच्या इतिवृत्तातून आणि लेखकांकडच्या जुन्या पत्रांतून कळतं. निबंध परत पाठवतानाच्या पत्रावर सही कुणाची आहे, ते पाहा.

हंगामी संपादकांना वगळू नका. न्यू इंग्लंड जर्नलच्या पहिल्या स्त्री मुख्य संपादक मार्सिया अँजेल १९९९-२०००मध्ये हंगामीच होत्या. केवळ ‘कायम’ संपादकांची यादी करणाऱ्याच्या हातून त्या सुटतात. आपल्याकडे तर सहसंपादक, चिटणीस, अंकाचा हिशोब ठेवणारे खजिनदार यांनीच कित्येक वर्षं पत्रिका जिवंत ठेवलेली असते. औषध कंपनीची जाहिरात अडली की अंक अडतो, हे त्या खजिनदाराइतकं कुणाला माहीत नसतं. प्रत्येक संपादकावर एक पान पुरे. कुठे शिकले, कोणती पदकं मिळाली, ही माहिती निम्म्या पानाच्याही खाली ठेवा. त्यांच्या काळात निबंध तपासायला बाहेरचे समीक्षक नेमायला सुरुवात झाली का, नैतिक समितीची परवानगी मागायला लागले का, कुणाच्या दबावाला नाही म्हणाले का, काय परत पाठवलं, हे लिहा. परत पाठवलेले निबंध हे संपादकाचं अर्धं काम असतं आणि ते कुठेच छापलेलं नसतं. लिहिणारा त्यांचा विद्यार्थी नसावा. विद्यार्थी ‘गुरुवर्य’ म्हणून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

जुने निबंध पुन्हा छापताना आणखी एक गोष्ट फार जपा. सत्तर-ऐंशीच्या दशकात रुग्णांचे चेहरे सर्रास छापले जायचे: कुष्ठरोग, गलगंड, जन्मजात व्यंगं. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की झालं, अशी समजूत होती. गोवा लहान आहे. ‘पेडण्यातल्या अमुक वाड्यावरची, पोदेराची (पाववाल्याची) बायको, वय ३२, तीन मुलं’ एवढ्यावरून गावातला कुणीही घर सांगेल, आणि ती बाई आज आजी असेल. चेहरे, वाडे, व्यवसाय झाका आणि झाकले आहेत असं तळटीपेत सांगा. मूळ मजकुरात बाकी काही दुरुस्त करू नका. आकडेमोडीची चूक दिसली तरी ती तशीच ठेवून बाजूला टीप द्या. प्रत्येक निबंधाबरोबर एका तरुण माणसाचं छोटं भाष्य छापा: तेव्हा काय माहीत होतं, यांनी नवीन काय पाहिलं, आज त्यातलं काय टिकतं आणि काय चुकलं. ‘काय चुकलं’ हा भाग सक्तीचा ठेवा.

पत्रिकेनेच केलेल्या चुकांसाठीही एक लेख ठेवा. न्यू इंग्लंड जर्नलने २०२४ साली नाझी काळात आपण काय छापलं आणि कशाकडे डोळेझाक केली यावर स्वतःच्याच पानांत लेख छापला. तुमच्याकडे इतकं भयंकर काही नसेल. पण परवानगी न घेता केलेला एखादा प्रयोग, कंपनीच्या खर्चाने निघालेली एखादी पुरवणी पन्नास वर्षांत सापडणारच. कुठलंही पारितोषिक माजी संपादकाच्या नावाने सुरू करायच्या आधीही हा शोध पूर्ण होऊ द्या. वेगेनर यांच्या नावाचा आजार २०११पासून दुसऱ्या नावाने ओळखायचं ठरलं, कारण त्यांचा नाझी भूतकाळ नंतर पुढे आला. नाव देणं सोपं, काढणं सगळ्यांनाच अवघड जातं.

पैशाचं म्हणाल तर माझा सल्ला सरळ आहे. स्मृतिचिन्हं, फ्लेक्स, आमंत्रणपत्रिकांचा खर्च निम्मा करा आणि १९९०च्या आधीचे अंक स्कॅन करून घ्या. पानाचं चित्र आणि शोधता येणारा मजकूर दोन्ही हवं. प्रत्येक निबंधाला डीओआय, म्हणजे नेटवरचा कायमचा ओळख-क्रमांक, द्या. इंडियन मेडिकल गॅझेटचे १८६६पासूनचे अंक पबमेड सेंट्रल या मोफत ऑनलाइन संग्रहावर चढले म्हणूनच आज कुणी एका रात्रीत शंभर वर्षांपूर्वीची कलकत्त्याची केस वाचू शकतो. त्या पत्रिकेच्या संपादकांचा याहून मोठा सत्कार कुठल्या सभागृहात झाला नसता. लेखक किंवा त्यांचे वारस सापडले तर पुनर्मुद्रणाची लेखी परवानगी घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात, फक्त विचारल्याशिवाय छापलेलं त्यांना आवडत नाही. हे सगळं सहा महिन्यांत होणार नाही. कार्यक्रमाची तारीख ठरली असेल तर समारंभ त्या दिवशी करा आणि विशेषांक वर्षभराने काढा.

राहिला प्रश्न पद सोडावं लागलेल्या संपादकांचा. घ्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९९ साली आपल्या जर्नलचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढलं, त्याच वर्षी जेरोम कॅसिरर यांना न्यू इंग्लंड जर्नल सोडावं लागलं. दोघांचीही नावं त्या जर्नलांच्या इतिहासातून कुणी खोडलेली नाहीत, आणि खोडली असती तर त्या वर्षांचे अंक कुणी काढले याचं उत्तर काय दिलं असतं? तुमच्या यादीत त्यांचं नाव इतरांसारख्याच अक्षरांत, कालावधीसह यावं. इतिवृत्तात जेवढी नोंद आहे तेवढं एक वाक्य लिहा: अमुक तारखेच्या सभेत त्यांची मुदत संपवण्यात आली. कोण बरोबर होतं याचा निवाडा विशेषांकात करू नका. त्यांच्या कारकिर्दीतला एखादा निबंध कसोटीला उतरत असेल तर तो निवडा आणि भाष्य दुसऱ्या गटातल्या माणसाकडून लिहून घ्या. त्यांना स्वतःला काही लिहायचं असेल तर एक पान द्या. समितीने ते फक्त तथ्यं आणि बदनामी एवढ्यासाठीच तपासावं. आणि समारंभाला बोलवा. यायचं की नाही ते ठरवतील, पण आमंत्रण अध्यक्षांनी स्वतः घरी जाऊन द्यावं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.